कोल्ह्याच्या नावावर

खानदेशात मे महिन्यात जाऊ नये असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, ती सगळी खानदेशचीच माणसं होती. तरी मी गेले. पुण्याला मुलींच्या शाळेत मी शास्त्र शिकवते, आणि आम्हां शिक्षकांना हिंडायला मे सोडून दुसरा महिना कुणी ठेवलेला नाही. महाबळेश्वरची तयारी करणाऱ्या आमच्या जाऊबाईंनी विचारलं, तिकडे पाहण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, तरस. त्यांनी विषय बदलला.

तरस माझ्या डोक्यात शिरलं ते पाठ्यपुस्तकामुळे. त्यात वाघाला दीड पान आहे, सिंहाला एक, आणि तरसाच्या वाट्याला दोन ओळी: भित्रा प्राणी, मेलेलं खातो, मढी उकरतो. वर्षानुवर्षं मी या दोन ओळी शिकवत आले आणि दर वर्षी त्या माझ्या घशात अडकल्या. बैलाच्या मांडीचं हाड कडाकडा फोडणारा जबडा ज्याला दिला, ते जनावर जन्मभर दुसऱ्याच्या उष्ट्यावर जगतं, हे मला पटत नव्हतं. स्वतःची शिकार तेही करत असणार आणि कुणी पाहायला गेलेलं नसणार, अशी माझी खात्री होती.

अशात होळीच्या सुमाराला माझी थोरली बहीण पुण्याला आली. तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, भुसावळला रेल्वेत आहेत. ताईनं सहज सांगितलं की त्यांच्याकडे तापीच्या काठी एक तरस गुरं मारत सुटलं आहे. मी तिथल्या तिथे मे महिना ठरवून टाकला.

भुसावळ

भुसावळबद्दल लिहायचं तर उन्हाबद्दल लिहावं लागेल, आणि उन्हाबद्दल लिहून ते कमी होत नाही. सकाळी आठ वाजता ताईच्या क्वार्टरच्या खिडक्यांना ओले पडदे लागत. दुपारी बादलीतलं पाणी हाताला चटका देई. पुण्यात पाहुणा आला की आपण त्याला केव्हा आलात ते विचारतो. इथं गाडी किती लेट होती ते विचारतात आणि आपण उत्तर देण्याआधी तेच सांगून टाकतात.

संध्याकाळी भावोजींच्या ओट्यावर त्यांचे मित्र जमले. पुण्याहून मेहुणी आली आहे आणि ती तरसासाठी आली आहे, ही बातमी कॉलनीभर झाली होती. प्रत्येकानं एकेक तरस आणलं. एकाचं तरस माणसासारखं हसत होतं. मी सांगितलं, हसणारं तरस आफ्रिकेतलं, आपल्याकडचं पट्टेरी तरस बहुतेक गप्पच असतं. ते म्हणाले, हो, पण आमचं हसतं. दुसऱ्याचं तरस नावानं हाक मारून माणसाला नाल्यात नेत होतं. तिसऱ्यानं आवाज खाली आणून आणि माझ्याकडे न बघता सांगितलं की तरस एक वर्ष नर असतं आणि एक वर्ष मादी. हे त्यांनी कुठे पाहिलं असं विचारल्यावर ते माझ्याऐवजी भावोजींवर रागावले. बाईमाणसानं असं विचारायचं नसतं म्हणे. सांगायला मात्र चालतं.

शिकारीबद्दल विचारलं की सगळ्यांचं एकमत होई: तरस शिकार करत नाही, ते भित्रं. मग नदीकाठची गुरं कोण मारतं? तरस. या दोन वाक्यांत काही बिघडलं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

शेवटी मी भावोजींना मूळ बातमी कुठून आली ते खोदून विचारलं. त्यांच्या हाताखालचा एक पॉइंट्समन सुट्टीच्या दिवशी नदीकाठी फिरायला गेला होता. तिथं एक बाई कपाळाला हात लावून बसली होती आणि सांगत होती, की तडस येतं आणि डांगर खातं, डांगर काही ठेवत नाही.

‘‘डांगर?’’ मी म्हटलं. आमच्याकडे डांगर म्हणजे पापडाचं भिजवलेलं पीठ. तेल घालून, कांद्याशी खातात.

भावोजी माझ्या अज्ञानाला मनसोक्त हसले. पॉइंट्समन कानपूरकडचा. त्याच्याकडे ढोरांना डंगर म्हणतात, तेव्हा इकडेही तेच असणार, असं त्याला वाटलं. आणि त्याला वाटलं म्हणून ते भावोजींना माहीत झालं. ‘‘इकडे डांगर म्हणजे गुरं,’’ त्यांनी मला ठासून सांगितलं. सात वर्षं भुसावळला काढलेला माणूस सांगतो आहे म्हटल्यावर मी विश्वास ठेवला. तो शब्द मी घोकून ठेवला, कारण परक्या मुलखात गेलं की तिथल्या माणसांच्या शब्दांत बोलावं, असं मी मुलींना शिकवते. तरसाला तिकडे तडस म्हणतात, हेही घोकलं.

फाट्यावरून गावात

फैजपूरच्या रस्त्याला लागलेल्या एस.टी.त माझ्या शेजारी धुळ्याकडचे एक वयस्कर कापडवाले होते. मी कुठे आणि कशाला जाते हे त्यांनी काढून घेतलं आणि यजमान बरोबर का नाहीत हे तीन प्रकारे विचारलं. मग म्हणाले, ‘‘तडस बठ्ठास्मा भित्रं जनावर शे, बाई.’’ सगळ्यांत भित्रं, एवढं बोलून ते माझ्या पिशवीवर डोकं टेकून झोपले. पिशवीत दुर्बीण होती.

फाट्यावर बैलगाडी घेऊन आबा स्वतः आले होते. आबा म्हणजे भावोजींच्या ओळखीचे केळीबागाईतदार. त्यांच्याकडे मी उतरणार होते. त्यांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं, वऱ्हाड भडगावहून येणार होतं, आणि अशा घाईत कुणी मला ठेवून घेतलं ही त्यांची भलाई. वाटेत दोन्हीकडे केळी होत्या. आबा त्यांना केयी म्हणत. या भागातल्या बोलण्यात ‘ळ’ टिकत नाही, त्याचा ‘य’ होतो. केळीवर जगणाऱ्या माणसांनी केळीतलंच अक्षर उडवून टाकावं याची मला गंमत वाटली. मला गंमत वाटण्याची ती शेवटची वेळ.

गावाचं नाव मी सांगणार नाही. का ते पुढे कळेल.

गाडी पारापाशी थांबली. पारावर गावातली मोठी माणसं बसली होती. आबांनी माझी ओळख करून दिली, आणि मी वर्गात बोलते तशा खणखणीत आवाजात, घोकलेले शब्द वापरून म्हटलं, ‘‘तुमच्याकडची डांगरं खाणारं तडस मला पाहायचंय. बरीच डांगरं खाल्ली म्हणे त्यानं?’’

पारावर कुणी हललं नाही. मला वाटलं, बाईच्या तोंडून आपली बोली ऐकून माणसं थक्क झाली आहेत.

एकानं विचारलं, कुणाच्या वाडीतली? वाडी म्हणजे गोठा असणार, असं मी धरून चालले. म्हटलं, नदीकाठी एक बाई आहे ना, रडत होती ती, तिचीच. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कुणीतरी हळूच नाव घेतलं, गोदाअक्का. मी म्हटलं, असेल, तीच असेल. आबांनी गाडी घाईनं पुढे काढली.

आबांचं घर

अंगणात बायका बिबड्या घालत होत्या. ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे हे मोठे पापड ओल्या धडप्यावर, म्हणजे कापडावर, थापतात आणि खाटेवर वाळवतात. आमच्याकडे पापड पोळपाटावर लाटतात. इथं हातानं थापलेला पापड माझ्या ताटापेक्षा मोठा होता. मला ओसरीवर बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं, आणि आबांच्या मंडळींनी एक ताटली आणून ठेवली. तीत पिवळ्याधमक फळाच्या फोडी होत्या. वासावरून ओळखलं, खरबूज. उन्हातून आल्यावर यापरतं सुख नाही.

‘‘घ्या बाई, डांगर,’’ त्या म्हणाल्या.

मी ताटलीकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. हे डांगर? हेच डांगर, त्या म्हणाल्या, नदीतलं, गोड आहे. भुसावळच्या कॉलनीत सगळा व्यवहार हिंदीत चालतो. फळवाला दारावर खरबूज म्हणून ओरडतो, आणि आमची ताई सात वर्षं डांगरं खात होती आणि तिला ते ठाऊक नव्हतं. मी गुरं मारणाऱ्या तरसासाठी पुण्याहून आले होते, आणि तरस खरबुजं खात होतं. भावोजी, पॉइंट्समन, कानपूर आणि रेल्वे खातं, सगळ्यांचा मला एकदम संताप आला.

तरी फोड उचलली. ती तोंडापर्यंत पोचायच्या आत एक सुरकुतलेला हात आला आणि ताटली उचलली गेली. आबांच्या आई होत्या. त्यांना सगळं घर आणि निम्मं गाव मोठी माय म्हणतं. पारावरची बातमी माझ्याआधी घरी पोचली होती.

‘‘हे कोनाच्या वाडीतलं हाये?’’ त्यांनी सुनेला विचारलं.

गोदाअक्काच्या, सून म्हणाली. नदीच्या वाळूत वेल लावतात त्या मळ्याला इथं वाडी म्हणतात. मोठ्या मायनं माझ्या हातातली फोडही काढून घेतली आणि अंगणातल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हटलं, ‘‘तडसाचं तोंड लागेल डांगर लग्नाच्या घरात येनार नही.’’

इकडे लागेल म्हणजे लागलेलं. बिबड्या थापणारे हात थांबले. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, तरी आबांनी सांगितलं. लहान मूल गेलं तर जाळत नाहीत, पुरतात. पुरलेलं तरस उकरतं. त्याच तोंडानं ते वाडीत येतं. आता वऱ्हाडाच्या पंगतीत ते फळ कोण वाढणार आणि कोण खाणार? लग्नासाठी गोदाअक्काकडे गाड्या भरून डांगर सांगितलं होतं. ते आता दुसरीकडून आणावं लागेल, म्हणजे मुख्य पंचाईत त्यांचीच झाली, असा एकूण सूर होता.

मी त्यांना विचारलं, वाडीत कोल्हे येत नाहीत का? येतात की, आबा म्हणाले, कोल्हा तर हमखास येतो. कोल्ह्यानं चाखलेलं डांगर गोड असतं, वेचून बाजूला ठेवतात. मी म्हटलं, अहो, मेलेलं ढोर पडलं की पहिला कोल्हा येतो. तोही तेच खातो, तोही उकरतो, जबडा लहान म्हणून खोल जात नाही एवढंच. मग त्याचं कसं चालतं?

आबा विचारात पडले. एवढा सरळ प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. ‘‘कोल्ह्याचं चालते,’’ ते म्हणाले.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं. कोल्ह्याला गोष्टींत शहाणा केलं आणि तरसाला कुणी गोष्टीतही घेतलं नाही, याखेरीज मला तरी दुसरं कारण सापडलं नाही. दुपारच्या जेवणाला फुणके आणि कढी होती. डाळीचे वाफवलेले मुटके कढीत कुस्करून खातात. पदार्थ उत्तम होता. मी तो रागारागानं खाल्ला.

नदीत

ऊन कलल्यावर गोदाअक्का आली. चाळिशीची, उंच, उन्हानं करपलेली बाई. नवरा सुरतेकडे गिरणीत. वाडी ती एकटी करते. तोवर आणखी दोन घरांनी तिची डांगरं परत पाठवली होती. ती ओसरीवर चढली नाही, अंगणातच उभी राहिली आणि आबांकडे न पाहता माझ्याकडे पाहून बोलली.

‘‘म्या कोनाले सांगितलं व्हतं का? त्या रेल्वेवाल्याले सांगितलं, कारन त्याले आपलं बोलनं समजत नही. मन मोकयं केलं, झालं. अन् तुम्ही तेच पुन्याहून येऊन पारावर सांगितलं.’’

दुःख सांगायला तिनं मुद्दाम न समजणारा माणूस शोधला होता. त्याला ते उलटं समजलं, भावोजींना आणखी उलटं, आणि मी ते नेमक्या शब्दांत, नेमक्या जागी, पुन्हा सुलटं केलं होतं. आषाढात तापीला पूर आला की वाडी वाळूसकट वाहून जाते. त्याच्या आत जे विकलं जाईल ते तिचं वर्ष. एवढं सगळं तिनं सांगितलं नाही. आबांनी नंतर सांगितलं. तिनं फक्त म्हटलं की चला, डोळ्यांनी बघा, आणि मग गावाला सांगा की कोल्हा आहे.

मी म्हटलं, बघायला मी येणारच, त्यासाठीच आले आहे. पण जे पाहीन तेच सांगीन.

‘‘मंग पाहू नका, बाई,’’ ती म्हणाली.

तरी मी गेले. गावातून नदीकडे उतरताना दोन्ही बाजूंना मातीच्या उंच, चिरलेल्या घळी लागतात. त्यांत एक सोडून दहा तरसं राहिली तरी कुणाला पत्ता लागू नये. मग एकदम पात्र उघडतं. लांबवर वाळू, मध्ये पाण्याची धार, आणि वाळूत ओळीनं खड्डे. प्रत्येक खड्ड्यात खत भरून वेल लावलेला, प्रत्येक वेलाला धारेवरून घागरीनं पाणी. मी शास्त्राची बाई; वाळूत काही उगवत नाही असं मीही शिकवत आले आहे. इथं वाळूत पावलापावलाला पिवळी फळं होती, आणि एका कडेला फुटलेली, दातांच्या खोल खुणा पडलेली काही. खुणा पाहूनच मला कळलं. कोल्ह्याचं तोंड एवढं नसतं.

गोदाअक्कानं मला खोपीत भाकरी आणि ठेचा दिला. माझ्याशी बोलणार नाही असं तिनं ठरवलं होतं, पण जेवू न घालणं तिला जमलं नाही. ठेचा खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तिला थोडं बरं वाटलं असावं.

पहाटे तिनं मला दंडाला धरून उठवलं. फटफटत होतं. घळीच्या तोंडातून ते बाहेर आलं. मी आजवर चित्रांत पाहिलेलं तरस नेहमी दात विचकत असे. हे गप्प चालत होतं. पुढून उंच, मागून उतरतं, मानेवर आयाळ, राखी अंगावर काळे पट्टे. सगळ्या जनावरांतून उरलेले तुकडे जोडून केल्यासारखं दिसत होतं. मी दुर्बीण लावली. इतकी वर्षं ज्याची वकिली केली ते समोर आलं होतं.

आणि मग त्यानं शिकार केली. डांगराची. या वेलापासून त्या वेलापर्यंत नाक खाली घालून हिंडलं, दोन फळं हुंगून सोडली, तिसऱ्याशी थांबलं. बसकण मारली, थोडं सरकलं आणि झडप घातली. फळ देठापासून सुटलं आणि उतारावरून पाण्याकडे गडगडत निघालं. तरस त्याच्यामागे. डांगर धारेत पडलं आणि तरंगू लागलं. तरस काठावर थबकलं, एक पाय पाण्यात घातला, काढला, पुन्हा घातला, आणि शेवटी पोटापर्यंत पाण्यात उतरून ते तोंडात धरून बाहेर आलं. मग वाळूवर पुढच्या पायांत धरून त्यानं ते फोडलं आणि बियांसकट खाल्लं. तरस शिकारी आहे हे सिद्ध करायला मी आले होते. माझ्या हाती हा पुरावा आला.

गोदाअक्का माझ्या शेजारी पालथी पडली होती. तिच्या हाताशी पत्र्याचा डबा होता, रानडुकरांसाठी. तो ती वाजवत नव्हती. का वाजवत नाहीस, असं मी खुणेनं विचारलं. ती कुजबुजली की हे येतं तोवर डुक्कर येत नाही. हे एक-दोन फळं खाऊन जातं. डुकरं आली तर पहाटेपर्यंत वेलही ठेवत नाहीत. तिच्या वाडीला राखणदार होता, आणि गावात त्याचं नाव घेण्याची सोय नव्हती.

तरस तोंड पुसल्यासारखं वाळूत घासून घळीत परत गेलं.

‘‘पाह्यलं?’’ तिनं विचारलं. पाहिलं, मी म्हटलं. तिनं घागर उचलली आणि वेलांना पाणी घालायला गेली. ज्या वेलांची डांगरं कुणी घेणार नव्हतं, त्यांनाही तिनं पाणी घातलं. ते मला बघवलं नाही.

लग्नघर

अंगणात पुन्हा बायका, पुन्हा बिबड्या. आबा ओसरीवर, त्यांच्याभोवती पारावरचीच मंडळी. भडगावकडचे एक पाहुणे आदल्या दिवशीच येऊन ठेपले होते, आणि ते असताना डांगराचा विषय निघू नये अशी आबांची इच्छा होती. तो निघालाच. मोठी माय खाटेवर बसली होती. तिनं मला समोर बोलावलं.

‘‘तुम्ही शिकेल-सवरेल हायेत, बाई. सांगा, डोयानं काय पाह्यलं?’’

वाटेत मी माझं भाषण जुळवलं होतं. तरसाचं पोट कसं असतं, हाडं कशी विरघळतात, मेलेलं खाणारी जनावरं नसती तर गावांत रोगराई किती पसरली असती, फळाच्या सालीनं आतला गर कसा सुरक्षित राहतो. सगळं खरं. सगळं मी निम्मं सांगितलंही. बायका शांतपणे ऐकत होत्या, कीर्तन ऐकावं तशा. भडगावच्या पाहुण्यांनी पान जुळवलं. माझं झालं तेव्हा आबा म्हणाले, ‘‘म्हनजे तडसच व्हतं.’’

मी अंगणाच्या टोकाला पाहिलं. गोदाअक्का फाटकाशी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती खाटेवरच्या बिबड्यांकडे पाहत होती.

मला माझाच राग आला. रोगराई आणि पोटातलं आम्ल ऐकायला इथं कुणीही जमलेलं नव्हतं. इथं एकच शब्द हवा होता, आणि तो माझ्याजवळ होता.

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘तरसाबद्दल मी आपलं सहज सांगितलं. मी पाहिला तो कोल्हा.’’

अंगणभर सुटल्यासारखा श्वास गेला. पारावरल्या एकानं दातांच्या खुणा मोठ्या असल्याचं काढलं. मी म्हटलं, मोठा कोल्हा आहे. फार मोठा? हो, चांगला पोसलेला आहे, डांगरं खाऊन. शास्त्राच्या बाईनं सांगितलं म्हटल्यावर त्यानंही मान डोलावली. इतकी वर्षं मी वर्गात खरं सांगत आले, आणि एवढ्या तत्परतेनं माझ्यावर कुणी विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही.

मोठ्या मायनं सुनेला हाक मारली आणि गोदाअक्काकडे गाडी पाठवायला सांगितली. लग्नाचं डांगर तिच्याकडूनच येणार. गोदाअक्कानं पदर सावरला आणि गाडीपुढे चालू लागली.

लग्नाच्या दिवशी खापरावरचे पुरणाचे मांडे होते, वरण-बट्टी होती, आणि उन्हं उतरल्यावर परातींतून डांगराच्या फोडी फिरल्या. भडगावचं वऱ्हाड बोटं चाटत होतं. गोदाअक्का बायकांच्या पंगतीत जेवायला होती. मला वाढायला मोठी माय स्वतः आली. फोड माझ्या पानात ठेवून ती वाकली, आणि पंगतीच्या गलक्यात फक्त मला ऐकू येईल असं विचारलं,

‘‘त्या कोल्ह्याले पट्टे व्हते का वो, बाई?’’

मी उचललेली फोड पुन्हा पानात ठेवली. म्हातारीच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तिला ठाऊक होतं? तिनं सांगितलं, ती लग्न होऊन या गावात आली तेव्हाही तडस डांगर खात होतं. सगळ्यांना ठाऊक असतं. कुणी बोललं नाही तर काही बिघडत नाही, आणि एकदा कुणी पारावर बोललं की तिला ताटली उचलावीच लागते. मग दुसरं कुणीतरी उभं राहून कोल्हा म्हणावं लागतं. घरच्यांनी म्हटलं तर कोण ऐकणार? मी पुण्याची.

मी तिला विचारलं, मग हे मला आधीच सांगितलं असतं तर?

‘‘तुम्ही म्हनले व्हते ना, पाहीन तेच सांगीन,’’ ती म्हणाली आणि परात घेऊन पुढच्या पानाकडे गेली.

ती फोड मी खाल्ली. इतकं गोड खरबूज मी आजवर खाल्लेलं नाही.

परत

भुसावळला भावोजी तरसाची वाट पाहत होते. गुरं किती मेली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एकही नाही. आणि त्यांना डांगर म्हणजे काय ते सांगितलं. ते म्हणाले, असेल, पण काही भागात गुरांनाही म्हणतात. ताईनं मात्र त्या दिवशी फळवाल्याला डांगर आहे का असं विचारलं. तो इंदूरचा होता. त्यानं गोठा बाजारापलीकडे असल्याचं सांगितलं.

शाळा सुरू झाली. पाठ्यपुस्तकातल्या त्या दोन ओळी तशाच आहेत. त्यांत एक तिसरी ओळ मी घालू शकले असते, डोळ्यांनी पाहिलेली. पण कुणी विचारलं की कुठे पाहिलंत, तर गावाचं नाव सांगावं लागेल, आणि पुढच्या हंगामात गोदाअक्काच्या दारातून गाड्या रिकाम्या परततील. म्हणून हे इथं लिहिलं आहे, आणि गावाचं नाव दिलेलं नाही. तरसाची बदनामी पुसायला मी गेले होते. ती तिथंच राहिली, आणि येताना एका कोल्ह्याच्या नावावर, ज्यानं त्या पहाटे वाडीत पायही ठेवला नव्हता, मी गाडाभर डांगरं खर्ची टाकून आले. त्याची कुणी तक्रार केली नाही. कोल्ह्याचं चालतं.